गोव्यात राहून बर्फ चढायचा असेल तर

प्रश्न: मी फोंड्याजवळ कवळ्याला राहतो. वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. आठवड्याचे सहा दिवस काम, अधूनमधून रात्रपाळी. मनालीला बेसिक कोर्स केला तेव्हा हिमनदीवर बर्फाची भिंत चढलो आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. शनिवार-रविवार धरून आइस क्लाइंबिंग करावं म्हणतो. पण नोकरी आहे, गावच्या जत्रेतल्या नाटकात दरवर्षी भूमिका असते, मित्रमंडळी आहे आणि घरी आता लग्नाचं बघताहेत. हे सगळं सांभाळून कसं जमवायचं?

उत्तर: गोव्यातून शनिवार-रविवारचं आइस क्लाइंबिंग होत नाही, हे आधीच सांगून टाकते. अडचण अंतराची नाही. मोपाहून किंवा दाबोळीहून दिल्ली अडीच तास, तिथून लेह दीड तास. शुक्रवारी रात्री निघालात तर शनिवारी सकाळी लेहला चहा पीत बसाल. अडचण उंचीची आहे. लेह 3,500 मीटरवर आहे आणि तुमचं शरीर समुद्रसपाटीच्या हवेला सरावलेलं. विमानाने थेट तिथं उतरल्यावर पहिले दोन दिवस खाणं, भरपूर पाणी पिणं आणि झोपणं एवढंच करायचं असतं. त्या दोन दिवसांत अंगमेहनत केली तर डोकेदुखी-मळमळीवर निभावलं तरी नशीब म्हणायचं. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठलं तर जिवावर बेततं. डायमॉक्सची गोळी मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारून घ्यायची (सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगायचं), आणि ती घेतली म्हणून विश्रांतीचे दिवस कापता येत नाहीत. रजा वाचवायला लोक नेमके तेच दिवस कापतात, म्हणून हे इतकं ठासून सांगते आहे.

माझी नोकरी वास्कोला शिपयार्डमध्ये, वेल्डिंग तपासायची. गेली कित्येक वर्षं दर हिवाळ्यात मी एकदा बर्फावर जाते. बर्फाला वर्षातून एकच सलग आठवडा द्यायचा आणि गोव्यातले रविवार त्या आठवड्यासाठी अंग तयार करण्यात घालवायचे, अशी माझी पद्धत आहे. महिन्या-महिन्याला कुठे तरी पळण्यापेक्षा यात नोकरीही सुखाने चालते आणि माणसंही तुटत नाहीत.

आता हा आठवडा कुठे बसवायचा? लडाख आणि स्पितीतले धबधबे जानेवारी-फेब्रुवारीत चांगले गोठलेले असतात. लेहच्या वरच्या अंगाला गंगलेसला बर्फाच्या भिंती आहेत, तिथं हिवाळ्यात आइस क्लाइंबिंगचा महोत्सवही भरतो. स्पितीतले धबधबे मला जास्त आवडतात, पण हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते. सिमला-किन्नौरकडून गाडीने चढत जावं लागतं आणि एका आठवड्यात ते बसत नाही. शरीराच्या दृष्टीने तो रस्ता फार चांगला, कारण उंची हळूहळू वाढते. पण तो दहा-बारा दिवसांची रजा मिळेल त्या वर्षासाठी ठेवा. तुम्हाला सध्या लेहच.

आणि नेमके हेच महिने गोव्यात जत्रांचे, लग्नांचे, नाटकांचे. तुमच्या कवळ्याच्या शांतादुर्गेची जत्रा माघ शुद्ध पंचमीची. ही पंचमी 2025 मध्ये 2 फेब्रुवारीला आली होती, 2026 मध्ये 23 जानेवारीला. म्हणजे तारीख दरवर्षी हलते, आणि बेत आखायला बसताना भिंतीवरचं कालनिर्णय आधी उघडायचं. नाटक सोडू नका. बारा महिन्यांतले बाकीचे दिवस तुमच्या पाठीशी हीच माणसं उभी असतात आणि जत्रेच्या रात्री ती तुम्हाला शोधणार.

2026 चंच उदाहरण घ्या. पंचमी शुक्रवारी, 26 जानेवारीची सुट्टी सोमवारी. जत्रा आटोपली, शनिवारी कामावर हजर, शनिवारी रात्री घरी भरपूर झोप. रविवारी दिल्ली, सोमवारी सकाळी लेह. सोमवार-मंगळवार काही करायचं नाही. बुधवारी थोडं चालणं आणि बर्फ नुसता बघून येणं. गुरुवार, शुक्रवार चढाई, हवा बरी असेल तर शनिवारीही, रविवारी परत. रजा मंगळवार ते शनिवार, पाच. वर आणखी एक हातात ठेवा, कारण हिवाळ्यात लेहची विमानं हवेमुळे रद्द होतात. मधली झोपेची रात्र वाचवण्याचा मोह टाळा. जत्रेचं जागरण किंवा रात्रपाळी करून थेट 3,500 मीटरवर उतरायचं नाही. झोप नसलेल्या शरीराला उंची जास्त जाचते, आणि डोकं जड झालं की ते जागरणामुळे की उंचीमुळे हे तुमचं तुम्हालाच कळत नाही.

रजेचं म्हणाल तर नाताळात तुमच्या सेक्शनमधल्या ख्रिश्चन सहकाऱ्यांना सुट्टी हवी असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्यांच्या पाळ्या तुम्ही आपणहून घ्या आणि जानेवारीतल्या तुमच्या पाळ्यांचं त्याच वेळी त्यांच्याशी बोलून ठेवा. मी वर्षानुवर्षं हेच करत आले आहे. नाताळच्या आदल्या रात्री ज्याच्या जागी मी यार्डात उभी राहते, तो जानेवारीत माझ्या जागी कुरकुर न करता उभा राहतो. साहेबांकडे रजेचा अर्ज चवथीनंतर लगेच टाका, सोबत पाळ्यांची अदलाबदल कागदावर लिहून द्या. सप्टेंबरात मागितलेली जानेवारीची रजा सहसा कोणी अडवत नाही.

वर्षाला जेमतेम तीन दिवस बर्फावर मिळणार, म्हणून ते अंगात ताकद नसल्यामुळे वाया जाता कामा नयेत. आइस क्लाइंबिंगमध्ये दोन गोष्टी आधी संपतात: हाताची पकड आणि पोटऱ्या. दोन्हींची तयारी गोव्यात होते. पोटऱ्यांसाठी जिन्याच्या पायरीच्या कडेवर पावलाचा फक्त पुढचा भाग टेकवून उभं राहायचं, टाच पायरीच्या पातळीपेक्षा किंचित खाली. एक मिनिटापासून सुरू करून पाच मिनिटांपर्यंत न्यायचं, आणि शेवटी बूट घालून. बर्फावर क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या दातेरी पोलादी पट्ट्यांचे) पुढचे दोन दाते भिंतीत असतात आणि अख्खं वजन त्यांच्यावर. दमलेला माणूस नकळत टाच वर उचलतो, दाते बर्फातून उकरून निघतात आणि पाय सुटतो. टाच खाली ठेवायची सवय जिन्यावर लागली की भिंतीवर तिचा विचार करावा लागत नाही.

पकडीसाठी अंगणात किंवा गच्चीत लोखंडी पाइपचा आडवा दांडा पक्का बसवून घ्या. जुन्या कौलारू घराच्या वाशाला लटकू नका, ते वासे या कामासाठी नाहीत. दांड्याला दोरीचे फास अडकवून त्यांत आइस टूलची (बर्फात रोवायच्या हातकुऱ्हाडीची) चोच घालायची आणि मुठीला धरून लटकायचं. आधी दोन्ही हातांनी, हात सरळ ठेवून. मग एका हाताने कोपर वाकवून थांबायचं आणि दुसऱ्या हाताने टूल फिरवल्यासारखं करायचं. जास्तीत जास्त जोर लावण्यापेक्षा कमीत कमी जोरात किती वेळ टिकता ते बघा. मूठ गच्च आवळणाऱ्याचे हात दहा मीटरवर फुलतात, म्हणजे ताठरून पकड जाते. शिवाय आवळलेल्या हातात रक्त पोचत नाही, बोटं बधिर होतात, आणि खाली उतरल्यावर रक्त परत येताना जी कळ उठते ती सोसवत नाही, उलटीची भावना होते. हा व्यायाम सकाळी कामाला जाण्याआधी करा. संध्याकाळ नाटकाच्या तालमीला आणि मित्रांना मोकळी राहू द्या.

दम वाढवण्यासाठी पारोड्याचा चंद्रनाथाचा डोंगर पुरेसा आहे. पाठीवर ओझं घेऊन उजाडायच्या आत चढायला लागा, ऊन वर आलं की घामानेच जीव जातो. वेग असा ठेवायचा की चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सत्तरीच्या रानात जायचं तर अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याचे काय नियम चालू आहेत ते विचारून जा. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी येते, ती पाळायची.

महिन्या-दोन महिन्यांतून एखादा शनिवार-रविवार बदामीला द्या. पणजीहून बेळगावमार्गे गाडीने पाच-सहा तास. तांबूस वालुकाश्माच्या उभ्या भिंती, बोल्ट मारलेले मार्ग, आणि आपल्याला हवं ते सगळं: पायांवर विश्वास, रोप हाताळणं, बिले (चढणाऱ्याचा रोप खालून सांभाळणं). हंपीचे ग्रॅनाइटचे धोंडेही छान आहेत आणि वास्कोहून हुबळीमार्गे होसपेटला रेल्वेने जाता येतं, पण तिथं मुख्यतः रोपशिवायची बोल्डरिंग होते. तुमच्या कामाला बदामी जास्त. मात्र आइस टूल आणि क्रॅम्पॉन या दोन्ही ठिकाणी घरीच ठेवून जायचे. वालुकाश्मावर पोलादाची चोच एकदा घासली की ओरखडा कायमचा राहतो.

मित्रमंडळींचा प्रश्नही बदामीच सोडवते. चढणारे दोघे आणि न चढणारे चौघे अशी गाडी भरा. चालुक्यांची लेणी बघण्यात त्यांची सकाळ जाते (तिसऱ्या लेण्यात इसवी सन 578 चा शिलालेख आहे, तो बघाच), दुपारी तळ्याकाठी सगळे एकत्र. आणि बर्फावर जो तुमचा जोडीदार असणार त्याच्याबरोबरच बदामीला चढा. त्याचा आवाज, त्याची घाई, दमल्यावर तो कसा वागतो हे ऊन असतानाच कळलेलं बरं.

आता गोव्यात बर्फ कुठून आणायचा ते सांगते, कारण हे फारसं कोणी करताना दिसत नाही. आपल्याकडे मासळीसाठी बर्फाचे कारखाने आहेत. जेटीवर ट्रॉलरमध्ये जी लादी भरतात, ती अख्खी विकत मिळते. टेम्पोने घरी आणायची, अंगणात गोणपाट आणि भुशावर आडवी ठेवायची आणि आइस स्क्रू (रोप अडकवायला बर्फात फिरवून बसवायची पोकळ नळी) लावायचा सराव करायचा. लादीच्या कडेकडेचा बर्फ काचेसारखा स्वच्छ असतो आणि मधला गाभा पांढरा, हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला. स्वच्छ भागात स्क्रू टेकवला, मनगटाने दोन-तीनदा दाबून फिरवला की दाते धरतात, मग हँडलने फिरवत न्यायचा. पोकळ नळीतून बर्फाची अखंड कांडी बाहेर येत राहते. पांढऱ्या गाभ्यात शिरलात की हाताला एकदम हलकं लागतं आणि कांडीऐवजी भुगा पडतो. हा फरक बोटांना ओळखू यायला हवा, कारण भिंतीवर तोच सांगतो की हा स्क्रू तुम्हाला धरेल की नाही. स्क्रू एका हाताने, कमरेच्या उंचीवर, दुसरा हात टूलवर आहे असं समजून लावायला शिका. नंतर दोन तिरपी भोकं आत एकमेकांना भेटतील अशी पाडून त्यांतून दोर ओवायचा सराव करा. रशियन गिर्यारोहक विताली अबालाकोव यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत उतरताना लागते, आणि ती पहिल्यांदा करायची जागा थंडीने काकडलेली भिंत नव्हे.

टूलही मारून बघा, पण डोळ्यांना गॉगल लावून आणि मुलांना लांब ठेवून. कडेजवळ मारलंत की लादीचा भलामोठा तुकडा सुटतो. खऱ्या धबधब्यावरही बाहेर आलेल्या फुगवट्यावर मारलं की थाळीएवढी खपली तुमच्या तोंडावर येते. खोलगट जागी मारलं तर चोच बसते. दोन टूल शेजारी-शेजारी मारायची नाहीत, मधला बर्फ तडकतो. नीट बसलेल्या टूलचा आवाज भरीव येतो, न बसलेल्याचा पोकळ. आपल्या उन्हात लादी ओली आणि मऊ होत जाते, लडाखच्या कडक थंडीतला बर्फ कोरडा आणि ठिसूळ असतो. त्यामुळे टूल मारण्याची खरी सवय तिथंच लागेल. स्क्रूची मात्र इथं पक्की होते.

सामानाबद्दल गोव्यातल्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपली खारी दमट हवा पोलाद खाते. मी दिवसभर गंजच बघत असते, म्हणून जरा जास्त सांगते. लेहहून परत आलात की त्याच रात्री क्रॅम्पॉन, चोची आणि स्क्रू सुकवा, स्क्रूच्या नळीच्या आतही कोरडा कपडा फिरवा, तेलाचा पातळ हात द्या आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. स्क्रूच्या आत गंज धरला की कांडी अडकते आणि वर लटकलेले असताना तो पुढे फिरत नाही. धार हाताने, कानशीने लावा. ग्राइंडरला लावलं तर पोलाद तापतं आणि त्याचं पाणी उतरतं. रोप आणि हार्नेस या तेलापासून लांब, वेगळ्या जागी.

बुटांचं त्याहून नाजूक. बऱ्याच गिर्यारोहणाच्या बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो आणि दमट हवेत तो आतून सडतो. बाहेरून बूट नवा दिसतो आणि एक दिवस तळ खपल्या होऊन सुटतो. म्हणून कपाटात पडून राहिलेले सेकंडहँड बूट ऑनलाइन बघून घेऊ नका. हातात घ्या, तळ वाकवा, जोडावर नखाने दाबून बघा. पहिल्या वर्षी टूल आणि क्रॅम्पॉन भाड्याने घ्या, हेल्मेट आणि हातमोजे स्वतःचे न्या. हातमोज्यांचे तीन जोड: चढायला पातळ, बिले करताना जाड, आणि एक कोरडा राखीव. स्वतःचं सामान घ्यायला लागाल तेव्हा आधी बूट, मग त्या बुटांना बसणारे क्रॅम्पॉन.

लीड करण्याचा, म्हणजे रोप आपल्यामागे नेत सर्वांत पुढे चढण्याचा विषय तुम्ही काढलेला नाही, पण तो डोक्यात येणारच, म्हणून माझं मत आत्ताच सांगते. वर्षाला तीन-चार दिवस बर्फावर असणाऱ्या माणसाने पहिली काही वर्षं टॉप रोपवरच, म्हणजे वर आधीच अडकवलेल्या रोपवरच चढावं. खडकावर लीडर पडला तर बऱ्याचदा रोपवर झोका घेऊन हसत परत चढतो. बर्फावर पडताना क्रॅम्पॉनचे दाते कुठे तरी अडकतात आणि घोटा मोडतो. बर्फावर लीडरने पडायचं नसतं, असंच शिकवतात. गोठलेल्या धबधब्यांच्या अवघडपणाच्या श्रेणीत डब्ल्यूआय 3 म्हणजे सत्तर-ऐंशी अंशांचा उतार आणि मध्ये उभं राहायला जागा. असा मार्ग टॉप रोपवर शांतपणे, हात न फुलता, प्रत्येक टूल पहिल्या-दुसऱ्या फटक्यात बसवत चढता येऊ लागला, तरच त्याहून सोप्या मार्गावर लीडचा विचार करा, तोही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. आणि पहिले दोन-तीन हिवाळे स्थानिक मार्गदर्शक घ्याच. भिंतीच्या वर हिमप्रपाताचा उतार आहे का, ऊन किती वाजता येतं, कुठला खांब पोकळ आहे हे त्याला ठाऊक असतं. बिले करणाऱ्याने चढणाऱ्याच्या बरोबर खाली कधीच उभं राहायचं नाही, बाजूला, शक्यतो खडकाच्या आडोशाला. वरून बर्फ पडणार हे धरूनच चालायचं.

शेवटी लग्नाचं. जिथं बोलणं पुढे जाईल तिथं हे पहिल्या एक-दोन भेटींतच सांगा, आणि छंद आहे एवढ्यावर भागवू नका. वर्षाला किती दिवस, किती पैसे, तिथं फोन लागतो की नाही, धोका कसला आणि तो कमी करायला तुम्ही काय करता, हे सगळं नीट सांगा. आयुर्विमा आणि आरोग्यविमा दोन्ही काढून वाचा. साहसी खेळांतल्या इजा अनेक पॉलिसींत धरत नाहीत. तसं असेल तर वेगळं संरक्षण घ्या आणि ते कागद घरी कुठे ठेवलेत ते सांगून जा. लेहला असताना रोज संध्याकाळी एका ठरलेल्या वेळेला घरी फोन करा. होणाऱ्या बायकोला हे बघायचं असेल तर एकदा बदामीला सगळ्यांबरोबर घेऊन जा.

लग्नाच्या वर्षी बर्फाचा आठवडा सोडून द्या. तारखा कशाही बसवल्या तरी त्या हिवाळ्यात तुमची झोप आणि तुमचं लक्ष दोन्ही घरच्या गडबडीत असणार, आणि अशा अवस्थेत मी कोणाला माझ्या रोपवर घेत नाही. पायरीवरचा आणि दांड्यावरचा व्यायाम तेवढा चालू ठेवा, आणि पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आलं की माघ शुद्ध पंचमी कधी आहे ते बघून रजा टाका.